फेट्याखालचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



२०२५ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. कोथरूडमधल्या एका चित्रपटगृहात मी 'साबर बोंडं' हा रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी चित्रपट पाहायला गेलो होतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. त्याचं कौतुक वर्तमानपत्रांतून वाचलं होतं, म्हणून उत्सुकता होती. मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढे दोन गृहस्थ उभे होते. माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यातले एक जण दुसऱ्याला म्हणाले, "चित्रपट वाईट नाही हो. पण मला सांगा, शेळ्या राखणारा गडी असा असतो का?"

दुसरे गृहस्थ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला आणि नंतर कितीतरी दिवस मुक्कामाला राहिला. असा असतो का? म्हणजे कसा? आणि शेळ्या राखणारा गडी कसा असतो, हे आपल्याला नक्की सांगितलं कोणी?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आनंद नावाचा तिशीतला तरुण मुंबईत नोकरी करतो. वडील वारतात. त्यांच्या दहाव्यापर्यंत तो आईबरोबर गावी येऊन राहतो. सुतकातले नियम, भावकीतली माणसं आणि 'आता लग्नाचं बघा' हे पालुपद. या दहा दिवसांत त्याला बाळ्या पुन्हा भेटतो. बाळ्या लहानपणचा सोबती. शेती करतो, शेळ्या राखतो आणि घरच्यांनी कितीही तगादा लावला तरी लग्नाला उभा राहत नाही. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. शहरातला माणूस समलिंगी असू शकतो, इथपर्यंत त्या गृहस्थांची तयारी होती असं मला वाटतं. त्यांची अडचण बाळ्यापाशी होती.

अशी अडचण जगात आणखी एका देशाला आपल्या आधी आली होती. म्हणून आधी थोडं तिकडे जाऊ.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून पुण्यात कॉलेजला आलो, त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. त्या काळात 'मॅकेनाज गोल्ड' हा १९६९ चा इंग्रजी चित्रपट पुण्यात पुन:पुन्हा लागायचा आणि पुन:पुन्हा भरायचा. इंग्रजी कळत नव्हतं, पण घोडा कळत होता, कमरेचं पिस्तूल कळत होतं. दरीच्या काठावर एकटा उभा असलेला, कमी बोलणारा तो टोपीवाला पुरुष कळत होता. आम्ही त्या सगळ्यांनाच 'काउबॉय' म्हणायचो, मग तो पडद्यावर फौजदार असो नाहीतर दरोडेखोर. या शब्दाचा सरळ अर्थ गुराख्याचा पोर असा आहे, हे फार उशिरा ध्यानात आलं. आमच्या गावात असे वीस-पंचवीस जण होते. त्यांच्याकडे मात्र कोणी त्या नजरेनं पाहत नव्हतं.

खरा अमेरिकन काउबॉय कोण होता? अमेरिकेतली यादवी १८६५ मध्ये संपली. त्यानंतर टेक्सासमधून हजारो गुरांचे तांडे उत्तरेकडे, कॅन्ससमधल्या रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत न्यायचा धंदा सुरू झाला. हे तांडे हाकणारे गडी म्हणजे काउबॉय. महिन्याला पंचवीस ते चाळीस डॉलर मजुरी. धूळ, ऊन, महिनोन्‌महिने घोड्याची पाठ. त्यांचा दोर, त्यांची टोपी, पायांवरची कातडी आवरणं, हे सगळं मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून आलेलं. इतिहासकारांच्या अंदाजानुसार त्यांच्यातला चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता. पुढे काटेरी तारांची कुंपणं आली, रेल्वे सगळीकडे पोचली, १८८६-८७ च्या हिवाळ्यात लाखो गुरं थंडीनं मेली आणि हा धंदा संपत आला. सगळा मिळून वीस-बावीस वर्षांचा खेळ.

पण तो संपत असतानाच दुसरा खेळ सुरू झाला होता. १८८३ मध्ये बफेलो बिल नावाच्या गृहस्थांनी काउबॉयची जंगी सर्कस काढली. स्वस्त कादंबऱ्या आधीपासून निघतच होत्या. १९०३ मध्ये 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा मूकपट आला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं हॉलिवूडनं या मजुराला नायक केलं. तो गोरा झाला, न रडणारा झाला. एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मार्लबोरो ही सिगारेट सुरुवातीला खास बायकांसाठी म्हणून विकली जात असे. १९५० च्या दशकात कंपनीला ती पुरुषांना विकायची होती. त्यांनी जाहिरातीत काउबॉय आणला आणि सिगारेट मर्दानी झाली. 

त्यामुळे काउबॉयची 'पारंपरिक प्रतिमा' असं आपण म्हणतो तेव्हा ती परंपरा गुराख्यांची नसते, तिकीटखिडकीची असते. खुद्द गुराख्यांच्या परंपरेत काय होतं, याची एक नोंद आल्फ्रेड किन्सी या संशोधकांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात करून ठेवली आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या दूरच्या ग्रामीण भागात, गुरं राखणारे, खाणी शोधणारे, लाकूडतोडे अशा अंगमेहनतीच्या, राकट माणसांमध्ये पुरुषा-पुरुषांतले शरीरसंबंध आढळतात, असं त्यांनी लिहिलं. पडद्यावर जॉन वेन घोडा दौडवत होते, त्याच काळातली ही नोंद आहे.

मग १९९७ मध्ये ॲनी प्रूल्क्स यांची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आली आणि २००५ मध्ये आंग ली यांनी तिच्यावर चित्रपट केला. १९६३ चा उन्हाळा, वायोमिंग राज्यातला डोंगर, तिथं मेंढरं राखायला ठेवलेले दोन तरुण मजूर. दोघं प्रेमात पडतात. पुढे दोघांची लग्नं होतात, मुलं होतात, आणि वीस वर्षं ते चोरून भेटत राहतात. चित्रपटाला मान मिळाला, आंग ली यांना ऑस्कर मिळालं. पण युटा राज्यातल्या एका चित्रपटगृहानं ऐनवेळी खेळ रद्द केले. आणि त्याहून जास्त झाली ती थट्टा. चित्रपटाचं नावच अमेरिकेत विनोदाचा विषय झालं. आपल्या लाडक्या टोपीवाल्याला यांनी बाटवलं, असा एक सूर होताच. हा सूर जुना आहे आणि तो संपलेला नाही. २०२१ मध्ये जेन कॅम्पियन यांचा 'द पॉवर ऑफ द डॉग' आला. त्यात मोंटाना राज्यातला एक करडा, तापट पशुपालक आपलं मन आयुष्यभर दडपून ठेवतो. तेव्हाही सॅम इलियट या पाश्चात्त्य चित्रपटांत आयुष्य घालवलेल्या नटानं जाहीर नापसंती व्यक्त केली. नंतर, २०२२ मध्येच, त्यांनी त्याबद्दल माफीही मागितली.

थट्टा करणाऱ्यांना एक गोष्ट आठवली नसेल. प्रूल्क्स यांची कथा छापून आली त्याला जेमतेम एक वर्ष होत होतं. १९९८ चा ऑक्टोबर. त्याच वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड नावाच्या एकवीस वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला दोन तरुणांनी अमानुष मारहाण केली आणि कुंपणाला बांधून थंडीत सोडून दिलं. काही दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. प्रतिमा म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे. तिच्या मापात न बसणाऱ्याची ती अशी किंमत घेते.

आता परत आपल्या गावी येऊ.

आपला गुराखी मुळात कसा होता? मी मुसलमान घरातला, पण जत्रेतला तमाशा आमच्याही कानावरून गेलेला आहे. तमाशात गणानंतर गवळण येते. त्या गवळणीत कृष्ण असतो, पेंद्या असतो आणि मावशी असते. ही मावशी बहुधा पुरुषच साकारतो. म्हणजे महाराष्ट्राच्या मनातला सर्वांत जुना गुराखी हा पिस्तूलवाला नाही, पावा वाजवणारा आहे. तो सवंगड्यांच्या गळ्यात हात टाकतो, शिदोऱ्या एकत्र करून काला करतो, रुसतो, नाचतो. त्याच्या पुरुषपणाला यातलं काहीही आड येत नाही. पेशवाईतल्या तमाशात तर नाचणारी बाई नव्हतीच. लुगडं नेसलेला नाच्या पोऱ्या होता आणि लावणी त्याच्या तोंडी होती. या लावण्या रचणाऱ्यांत सगनभाऊंसारखे जन्मानं मुसलमान, शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्या समाजातले शाहीरही होते. पुढे पवळाबाईंपासून बाई तमाशाच्या बोर्डावर आली असं मानलं जातं. आणि बाई आल्यावर नाच्याचं काय झालं, याचा इतिहास आपण फारसा पाहत नाही. त्याच्याकडची लावणी गेली आणि त्याच्या वाट्याला फक्त हसू उरलं.

मराठी चित्रपटानं हा हसण्याचा वारसा जसाच्या तसा उचलला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या, अनंत माने यांच्या चित्रपटांतून मराठी रांगडा गडी घडला. डोक्याला फेटा, ओठावर मिशी, पायांत करकरणारी वहाण, तालमीत कमावलेलं अंग. चंद्रकांत आणि सूर्यकांत या मांडरे बंधूंनी त्याला रूप आणि आवाज दिला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' आपल्या पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, यावरून या चित्रपटांनी मराठी मनाची केवढी जागा व्यापली होती हे कळेल. मी या चित्रपटांचा निंदक नाही. ते मी पाहिले आहेत, त्यांतले संवाद मला पाठ आहेत. पण एक गोष्ट पाहा. या तमाशापटांत रांगड्या गड्याच्या शेजारी जवळजवळ हमखास एक नाच्या उभा असतो. तो हात उडवतो, मुरकतो आणि प्रेक्षक हसतात. त्याला कथेत काम फारसं नसतं. त्याचं काम एवढंच की, त्याच्या शेजारी नायक अधिक पुरुष दिसावा. अमेरिकन काउबॉयला आपली मर्दुमकी दाखवायला समोर शत्रू लागत होता. आपल्या गड्याला शेजारी नाच्या पुरला.

ही भूमिका गणपत पाटील यांनी इतक्या ताकदीनं केली की, नाच्या म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. कोल्हापूरचा हा गुणी नट, संसारी माणूस. २००८ मध्ये ते गेले. पडद्यावरच्या त्या सोंगाची सावली त्यांच्या घरावर पडली, लोक त्यांना सोंगापासून वेगळं पाहायला तयार नव्हते. नायकाची भूमिका करणाऱ्याला लोक रस्त्यात मुजरा करायचे. नाच्याची भूमिका करणाऱ्याला रस्त्यातही नाच्याच समजायचे. अभिनय दोघांचाही होता. मान मात्र एकालाच मिळाला.

आता मला माझी स्वत:ची एक गोष्ट सांगायला हवी. नाहीतर हे भाषण दुसऱ्यांच्या चुका मोजण्याचं होईल.

१९८८ सालच्या चैत्रातली आमच्या गावची जत्रा. आम्हा पोरांनी वगनाट्य बसवलं होतं. मी कविता करतो हे गावाला ठाऊक होतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. माझा एक मित्र होता. त्याचं नाव सांगत नाही. मेंढरं राखायचा, तालमीत जायचा, अंगानं माझ्या दुप्पट. पण आवाज मऊ, बोलणं हळू. बोलताना तो समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. नाच्याची भूमिका त्याला द्यायचं आमचं एकमतानं ठरलं. एवढा पैलवान गडी पदर घेऊन आला म्हणजे गाव लोटपोट होईल, हा हिशेब. त्याच्या तोंडचे संवाद मी लिहिले. ते लिहिताना मी त्याच्याच बोलण्याच्या लकबी उचलल्या होत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गाव हसलं. माझी पाठ थोपटली गेली. जत्रा उठली, मंडप निघाला, पण त्याला चिकटलेलं 'मावशी' हे नाव काही निघालं नाही. तो तालमीत यायचा थांबला. दिवाळीनंतर मेंढरांबरोबर कोकणाकडे उतरला तो पुढे कळपाबरोबरच राहू लागला. गावात असला तरी माणसांत नसायचा. त्यानं लग्न केलं नाही. तो 'तसा' होता का? मला माहीत नाही. त्यानं ते कधी सांगितलं नाही, आणि सांगता येईल अशी जागा त्याच्या सगळ्यांत जवळच्या मित्रानं, म्हणजे मीच, ठेवली नव्हती.

बऱ्याच वर्षांनी दहिवडीच्या एसटी स्टँडवर तो भेटला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. हसून म्हणाला, "काय शाहीर, बरं हाय न्हवं?" चहा घेतला. उठताना त्यानं विचारलं, "अजून लिवतोस का तसलं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो आणि गाडी आली.

म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसत्या चित्रपटांचा नाही.

मराठीत समलिंगी माणसांच्या कथा आल्या, पण त्या कोणत्या क्रमानं आल्या हे पाहण्यासारखं आहे. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, त्यातली सुमित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या जवळिकीचा प्रसंग आला. दोन्हीकडे स्त्रिया, दोन्हीकडे शहरी किंवा बंदिस्त जग. रांगड्या गड्याला अजून धक्का लागलेला नव्हता.

तो लागला २००९-१० च्या सुमारास, आणि तोही जपून. राजीव पाटील यांच्या 'जोगवा'त तायप्पाला देवाच्या नावानं जोगता करून साडी नेसवली जाते. त्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ, १ जानेवारी २०१० ला रवी जाधव यांचा 'नटरंग' आला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट मराठी रांगड्या गड्याचा खरा आरसा आहे. गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. त्याला राजाची भूमिका करायची असते. पण फडाला नाच्या हवा आणि नाच्या व्हायला कोणी तयार नाही. तेव्हा गुणा स्वत:च नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. फेटेवाला आणि नाच्या हे पडद्यावर इतकी वर्षं शेजारी शेजारी उभे होते, ते इथं पहिल्यांदा एकाच कातडीत आले. ज्या नाच्याला आपण हसलो त्याचं पुढे काय होतं, तेही या चित्रपटानं दाखवलं. गुणावरचा अत्याचार पाहताना चित्रपटगृह गप्प झालेलं मला आठवतं. मी तर जागेवरच आक्रसलो होतो.

तरीही या दोन्ही चित्रपटांनी एक काळजी घेतली होती. तायप्पाचं प्रेम एका स्त्रीवर आहे. गुणा बायकापोरांचा धनी आहे. साडीच्या आत खरा पुरुष आहे, हे प्रेक्षकाला पुन:पुन्हा बजावलं जातं, आणि प्रेक्षक त्या आश्वासनावरच रडायला तयार होतो. ही निंदा नाही. तेव्हा एवढंच पेलणार होतं. रवी जाधव पुढे गेले. 'मित्राची गोष्ट'वरून त्यांनी केलेल्या 'मित्रा' या लघुपटाला २०१४ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिथं पुन्हा स्त्रीच होती. गावातला, मातीतला पुरुष पुरुषावर प्रेम करतो, हे सांगायला आणखी अकरा वर्षं जावी लागली.

इथं कोणी म्हणेल, हे सगळं पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे. १९९८ मध्ये दीपा मेहता यांच्या 'फायर'चे खेळ मुंबईत मोडतोड करून बंद पाडले, तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. मी कोथरूडचा रहिवासी आहे, तेव्हा उत्तर कोथरूडपासूनच देतो. कर्वे पुतळ्यावरून आपण रोज जातो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ उत्तरं देत, आणि त्या शंकांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं हे प्रश्न पत्रातून विचारत होती, त्यांना मराठीत उत्तर देणारा माणूस होता आणि त्याच्यासाठी कोर्टात उभं राहणारं माणूसही होतं, एवढं तर त्यातून सिद्ध होतं.

आणखी मागे जायचं तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी नावाचे मोठे उर्दू कवी होऊन गेले. 'बोस्ताने-खयाल' या त्यांच्या दीर्घकाव्यात त्यांनी एका हिंदू तरुणावरच्या आपल्या प्रेमाची आणि विरहाची कथा सांगितली आहे. हे काव्य लिहिलं गेलं तेव्हा भारतीय दंड संहिता व्हायला शंभराहून अधिक वर्षं अवकाश होता. १८६० च्या त्या संहितेतलं ३७७ वं कलम इंग्रजांनी आणलं. म्हणजे पश्चिमेकडून प्रेम आलं नाही, कायदा आला. ते कलम २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सैल केलं, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा घट्ट केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केलं. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालातही मिळाला नाही.

आता त्या चहाच्या रांगेतल्या प्रश्नाकडे. 'साबर बोंडं'नं रांगड्या गड्याचं काय केलं? दिग्दर्शक कानवडे यांनी हा चित्रपट आपल्या अनुभवातून, स्वत:च्या वडिलांच्या सुतकाच्या दिवसांतून उभा केला, आणि चित्रणही आपल्या गावाकडे केलं. त्यामुळे बाळ्या फेटा मिरवत नाही, मिशीला पीळ देत नाही. आणि तो मुरकतही नाही. नायक आणि नाच्या या दोन्ही साच्यांतून तो बाहेर उभा आहे. त्याला शेळ्या चारायच्या आहेत, घर चालवायचं आहे, लग्नाचा ससेमिरा चुकवायचा आहे. तो आनंदसाठी साबर बोंडं आणतो. ज्यांनी रानात ही फळं खाल्ली आहेत त्यांना ठाऊक आहे की, त्यांवरची कुसं डोळ्यांना धड दिसतही नाहीत. ती दिसतात त्यापेक्षा बोटांत जास्त सलतात. फळ दुसऱ्याला द्यायचं तर आधी कुसं काढून द्यावं लागतं. माझ्या त्या मेंढपाळ मित्रानं लहानपणी मला अशी कितीतरी बोंडं सोलून दिली होती. कुसं दगडावर घासायची, मग फळ हातात द्यायचं. त्यात मला कधी काही बायकी वाटलं नव्हतं. पुढे वगनाट्य लिहिताना मात्र मला त्याच्यातलं सगळंच बायकी दिसू लागलं. मधल्या काळात मी चित्रपट पाहिले होते.

गंमत म्हणजे ही साबरही मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली, काउबॉयच्या चित्रपटांत मागे उभी दिसते त्यांच्याच गोतातली. लाल रंग देणारे किडे पोसण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनं तिची लागवड भारतात करून पाहिली. आज तिला कोणी परदेशी म्हणत नाही. बांधावर उभी आहे, पोरं बोंडं खातात. परकं म्हणून आपण काय हाकलतो आणि काय बांधावर राहू देतो, याला काही हिशेब नाही.

तेव्हा माझं मत सांगतो. समलिंगी पात्रांच्या चित्रपटांमुळे काउबॉयची किंवा आपल्या रांगड्या गड्याची प्रतिमा डागाळली, असं मला वाटत नाही. त्या प्रतिमेखाली एक माणूस दबलेला होता, तो या चित्रपटांनी वर काढला. वायोमिंगमधले ते दोघे मजूर आणि आपला बाळ्या हे पडद्यावरच्या टोपीवाल्यापेक्षा आणि फेटेवाल्यापेक्षा खऱ्या गुराख्याच्या जास्त जवळचे आहेत. हातावर पोट असलेले, एकटे, कमी बोलणारे. आणि कमी बोलणं ही त्यांची मर्दुमकी नव्हती, बोलायला जागाच नव्हती, हे आता कळतं. ज्यांना जुना फेटेवाला प्रिय आहे त्यांच्याकडून तो कोणी काढून घेतलेला नाही. 'सांगत्ये ऐका' मी आजही आनंदानं पाहतो. फक्त आता माझी नजर नायकाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही जाते.

त्या दिवशी चित्रपट संपल्यावर ते दोन गृहस्थ माझ्या पुढेच जिना उतरत होते. प्रश्न विचारणारे गप्प होते. दुसरे म्हणाले, "आमच्या गावाकडं होता एक. बिनलग्नाचाच गेला." पहिल्यांनी विचारलं, "कोण?" त्यांनी एक नाव सांगितलं आणि दोघं पार्किंगच्या गर्दीत दिसेनासे झाले.

मी बाहेर पौड रस्त्यावर आलो. मी कोथरूडला राहायला आलो तेव्हा दिवाळीनंतर कधीकधी या रस्त्यानं मेंढरांचा कळप जाताना दिसायचा आणि मोटारी खोळंबायच्या. आता वर मेट्रो धावते, कळप दिसत नाहीत. मी गावाकडे फोन लावला. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, चुलतभावाकडून मिळवला. वाड्यावर होता. मागे मेंढरांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मी बोलतोय. १९८८ च्या जत्रेत मी जे लिहिलं होतं, ते लिहायला नको होतं." पलीकडे बराच वेळ नुसतं बें बें ऐकू येत राहिलं. मग तो म्हणाला, "शाहीर, गावाकडं कवा येतोयस?"

पुढच्या महिन्यात जाणार आहे.